तक्रार नाही

फोटोवाल्याने बाळाचं कौतुक केलं आणि मला ते आवडलं नाही. तसं त्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं. पासपोर्टसाठी फोटो हवा होता, नवऱ्याच्या ऑफिसातून परदेशी बदलीची हूल उठली होती, आणि अशी हूल उठली की आमच्या घरात सगळ्यांची कागदपत्रं आधी तयार होतात, बदली मागाहून होत नाही. चार-पाच महिन्यांच्या मुलांचे फोटो काढताना नाकी नऊ येतात, असं फोटोवाला आधीच म्हणाला होता. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, चेहरा समोर हवा, आणि मुलांना हे सगळं एकाच वेळी कबूल नसतं. म्हणून त्याने एक खुळखुळा, एक शिट्टी आणि एक कान तुटलेला रबरी ससा हाताशी ठेवला होता. त्यातलं काहीच लागलं नाही. मी बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवलं, आणि ते जसं ठेवलं तसं राहिलं. “वा! असं गिऱ्हाईक पाहिजे,” तो म्हणाला. “परवा एकाने माझा कॅमेराच ओला केला. ताई, किती शहाणं बाळ आहे हो!” फक्त तोंड मिटत नव्हतं. जीभ जराशी बाहेर यायची. मी बोटाने हनुवटी वर ढकलायची, बोट काढलं की जीभ पुन्हा ओठावर. शेवटी कसाबसा एक फोटो जमला आणि त्याने एकाच कागदावर चार छापून माझ्या हातात दिले. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून ते बघितले. घरी मी बाळाकडे बघायची तेव्हा मला माझं बाळ दिसायचं. त्या फोटोत माझी माया मिसळलेली नव्हती. सुजलेल्या पापण्या, जाड ओठ, पिवळट कातडी, आणि कशाचंच काही वाटत नसलेले डोळे. कुणाचं तरी आजारी मूल होतं ते, आणि ते चार वेळा माझ्याकडे बघत होतं.

घरात त्याचं नाव शहाणू पडलं होतं. सासूबाईंनी पाडलं. ठेवलेलं नाव बारशाच्या दिवसानंतर कुणी उच्चारलं नाही. “आमचा शहाणू म्हणजे घरात बाळ आहे हे कळणार नाही,” असं त्या फोनवर सगळ्यांना सांगायच्या, आणि ते खरंच कळत नव्हतं. शेजारच्या बाईने एकदा दारात विचारलं, “बाळ माहेरी ठेवून आलीस का गं?” आम्ही सगळे हसलो. नवरा ऑफिसात फुशारकी मारायचा की त्याची अजून एकदाही झोपमोड झालेली नाही. त्याच्या बरोबरीच्यांची मुलं घर डोक्यावर घेत होती आणि ह्याच्या डोळ्यांखाली काळं वर्तुळसुद्धा नाही. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझंही लहानपणी असंच कौतुक झालं होतं. मी म्हणे खेळताना पडून हात मोडला तरी संध्याकाळपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट माझी आई अजून पाहुण्यांना सांगते, हात मोडल्याची म्हणून नाही, न सांगितल्याची म्हणून. लग्न ठरवताना हाच गुण पुढे केला गेला. सासूबाईंनी तो लगेच ओळखला. सून कुरकुर करत नाही, हे त्यांनी पहिल्या वर्षात चार ठिकाणी सांगितलं, आणि एकदा सांगून टाकल्यावर मला कुरकुर करायची सोयच उरली नाही. मग बाळ झालं आणि ते माझ्यावर गेलं म्हणाले. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. मी घड्याळाचा गजर लावून पाजत होते. गजर व्हायचा, मी त्याचे तळवे चोळायची, कान ओढायची, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा आणि चार घोट घेऊन पुन्हा झोपायचा. छातीत दूध साठून दगड व्हायचा, ताप यायचा. मला वाटायचं माझ्याच दुधात काही कमी आहे.

आणि आमच्या घरात थायरॉइडचं ज्ञान होतं, हे सगळ्यात वाईट. नसतं तर बरं झालं असतं. सासूबाई कित्येक वर्षं सकाळी उपाशीपोटी ती छोटी पांढरी गोळी घेत होत्या, दर काही महिन्यांनी रक्त तपासत होत्या, आणि टीएसएच हा शब्द आमच्याकडे मिठासारखा वापरात होता. टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड बिघडला, टीएसएच ठीक म्हणजे थायरॉइड ठीक. ह्या ज्ञानाची मुख्य अधिकारी माझी नणंद, ताई. ती डॉक्टर, दातांची. बाळाला दात नव्हते, तरी बाळाच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. घरात एक डॉक्टर असला की बाकीच्यांना आजारी पडण्यासाठीसुद्धा त्याची परवानगी लागते. बाळ जन्मलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्याची साखर उतरली होती, हात थरथरले होते, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. “होतं असं,” ताई म्हणाल्या. मग कावीळ आली आणि जाईचना. “होतं असं. कोवळ्या उन्हात धर.” मी महिनोन्महिने त्याला खिडकीत धरून उभी राहिले. एकदा मीच म्हटलं की वाचलंय, कधी कधी थायरॉइडमुळे असतं, दाखवू या का एकदा? तेव्हा ताईंनी जन्माच्या वेळी टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट फाईलमधून काढून माझ्यापुढे धरला. “हे बघ, टीएसएच नॉर्मल. उगाच इंटरनेटवर वाचत बसू नकोस. मुलं सगळी सारखी नसतात.” मग नवऱ्याकडे वळून हसून म्हणाल्या, “तुझ्या बायकोला मूल गप्प आहे ह्याचंच टेन्शन आलंय. लोक देवाकडे असं मूल मागतात.” नवराही हसला. तो वाईट माणूस नाही. त्याला घरात आवाज नको असतो एवढंच, आणि ही एवढीशी गोष्ट मिळावी म्हणून तो काहीही कबूल करतो.

फोटोच्या दुकानातून मी घरी गेले नाही. कुणाला फोन केला नाही. रिक्षाने सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले, केसपेपर काढला, आणि लहान मुलांच्या विभागाबाहेर बाकावर बसले. माझ्या डाव्या-उजव्या बाजूची मुलं टाहो फोडत होती आणि त्यांच्या आया माझ्याकडे हेव्याने बघत होत्या. डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून त्यांनी विचारलं, काय तक्रार? मी म्हटलं, “तक्रार काही नाही.” आणि मग मला रडूच फुटलं. त्या वैतागल्या नाहीत. बाळाला टेबलावर घेतलं, हाताला धरून बसतं केलं तर त्याचं डोकं मागेच राहिलं, बेंबी फुगलेली होती ती दाबून बघितली, लंगोट सोडला, लघवीची जागा वयाच्या मानाने बारीक आहे म्हणाल्या, आणि पुन्हा बांधला. मग विचारलं, जन्मल्यावर साखर उतरली होती का? कावीळ किती टिकली? शी किती दिवसांनी होते? एकेका प्रश्नाला मी हो हो म्हणत गेले आणि मला वाटू लागलं की ह्या बाई आमच्या घरात कुठेतरी लपून बसल्या होत्या. “थायरॉइड बघितलंय का?” “बघितलंय,” मी म्हटलं, “नॉर्मल आहे.” “नॉर्मल काय आहे?” “टीएसएच.” “आणि?” त्यांनी रुमाल खाली घेतला. “हे बघा, टीएसएच हा थायरॉइडचा रस नाही. तो मेंदूखालच्या एका ग्रंथीचा आवाज आहे. खाली थायरॉइड काम करेनासं झालं की ती वरून ओरडते, काम कर, काम कर. ते ओरडणं मोजतात जन्मल्यावर. बहुतेक मुलं त्यात सापडतात. पण ओरडणारीच मुकी असली तर? थायरॉइड झोपलंय आणि वर ओरडायला कुणी नाही. मग आकडा अगदी छान येतो.” मी विचारलं, “मग कळणार कसं?” त्या म्हणाल्या, “दुसरा आकडा बघायचा. खुद्द थायरॉइडच्या रसाचा. तेवढंच.” तेवढंच, म्हणाल्या.

मला ते इतकं चटकन समजलं की मला माझाच राग आला. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात नोकरी करते. बाळंतपणाच्या रजेवर होते म्हणून, नाहीतर रोज सकाळपासून फोनवर तेच, पाणी नाही, गढूळ आहे, दाब नाही, पाईप फुटलाय. आमचे साहेब महिन्याच्या शेवटी विभागवार तक्रारी मोजतात. ज्या विभागातून तक्रार कमी तो विभाग चांगला. एक वस्ती होती टेकडीच्या मागे, तिथून वर्षभर एकही फोन नाही. साहेबांनी त्या भागाच्या इंजिनिअरचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. पुढे कधीतरी रस्ता खणताना कळलं की त्या वस्तीची वाहिनी केव्हाच कोरडी पडलेली. फोन का केला नाही, असं विचारल्यावर एक म्हातारा म्हणाला, आधी करत होतो की. ही गोष्ट आम्ही जेवणाच्या सुट्टीत चघळून चघळून हसलो होतो. पाणी मोजायचं सोडून आरडाओरडा मोजणारे साहेब! आणि तीच मी रजेवर घरी बाळाला मांडीवर घेऊन बसत होते, ते गप्प आहे म्हणून सुखात. सासूबाईंना काय दोष द्यायचा, त्यांनी निदान तक्रार कक्षात काम केलेलं नव्हतं. नाही, देते दोष. सगळ्यांना देते. बाळाच्या डोक्यात जे व्हायचं ते पहिल्या काही महिन्यांत होतं, ते त्या रसावर होतं, आणि ते महिने आम्ही त्याच्या गप्प बसण्याचं कौतुक करण्यात घालवले. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, आता किती उशीर झालाय? त्या म्हणाल्या, “आधी रक्त घेऊ.” ज्यांना उत्तर माहीत असतं ते असंच दुसरं काहीतरी बोलतात.

रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच पुन्हा ठणठणीत. दुसरा आकडा जवळजवळ तळाला. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. “उद्या सकाळी दाखल करा. एक इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घ्यायचंय. ही वरची ग्रंथी एकट्या थायरॉइडला नाही, तिघाचौघांना हुकूम देते. त्यातलं आणखी एक आहे, अंगात ताकद धरून ठेवणारं. तेही कमी असेल तर त्याचं औषध आधी, थायरॉइडचं नंतर. उलटं झालं तर मूल हातचं जाईल. तोवर काही देऊ नका. काहीही. कळलं?” मला कळलं. घरी येऊन मी सांगितलं तेव्हा आधी कुणी विश्वास ठेवला नाही, मग सगळ्यांनी एकदम ठेवला. सासूबाई रडू लागल्या, नवरा फाईल उलटीसुलटी करत बसला, आणि ताईंना फोन गेला. त्या आपला दवाखाना बंद करून तासाभरात हजर. रिपोर्ट वाचताना त्यांचा चेहरा उतरला, ते मी बघितलं आणि मला बरं वाटलं. पण पडलं तरी नाक वर. त्या उठल्या, सासूबाईंच्या कपाटातून गोळ्यांची बाटली आणली, सुरीने गोळीचा पाव तुकडा केला, दोन चमच्यांमध्ये चुरडला, आणि दुधात कालवून माझ्यापुढे धरला. “दे त्याला. एक दिवससुद्धा घालवायचा नाही आता. आधीच किती उशीर झालाय.” उशीर झालाय, हे मला सांगत होत्या!

मी म्हटलं, “उद्या तपासणी झाल्याशिवाय द्यायचं नाही असं सांगितलंय.” “अगं, सरकारी दवाखान्यातले लोक, त्यांना घाई नसते. पाव गोळीने काय होणार आहे? आई रोज अख्खी घेते.” सासूबाई म्हणाल्या, “दे गं बाई, ती काय वाईटाचं सांगणार आहे? आत्या आहे त्याची.” नवरा म्हणाला, “ताई म्हणतेय तर...” आणि वाक्य सोडून दिलं, म्हणजे पुढचं मी करायचं. बाळ माझ्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलं होतं. मला इतकी वर्षं माहीत होतं की अशा वेळी मी काय करते. मी चमचा हातात घेते. मी तो घेतलाही. ताईंचा हात सैल झाला, त्यांना हायसं वाटलं. मी बाळाला खांद्यावर टाकून उठले, मोरीत चमचा ओतला, आणि वर नळ सोडला. “हे काय केलंस?” ताईंनी विचारलं. “मी डॉक्टर आहे ना?” मी म्हटलं, “दातांच्या.” घरात असा आवाज कधी झाला नव्हता, म्हणजे कुणी ओरडलं नाही तरी. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. ताई पर्स उचलून निघाल्या. नवरा त्यांना पोचवायला खाली गेला आणि वर आल्यावर मला म्हणाला, “अगं, तिला किती वाईट वाटलं असेल.” मी रात्रीचा स्वयंपाक केला नाही. कुणी विचारलंही नाही.

इंजेक्शननंतर ते ताकदीचं दुसरंही कमीच निघालं. अगदीच कमी. डॉक्टरीणबाईंना मी चमच्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्या पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं नाही दिलंत.” मी ते घरी शब्दाला शब्द सांगितलं. मग आधी ते एक औषध, मग थायरॉइडचं, मग मेंदूचा फोटो, ज्यात ती ग्रंथी डाळीच्या दाण्याएवढी असायला हवी तिथे जेमतेम कणी दिसत होती. आणि काही आठवड्यांत बाळ रडलं. आधी मांजरासारखं, मग माणसासारखं, मग घर डोक्यावर घेऊन. सूज उतरली, कातडी उजळली, जीभ आत गेली. भूक लागली की लाथा झाडायचा, ओलं झालं की किंचाळायचा. पहिले काही दिवस सगळ्यांना आनंद झाला. मग सासूबाई म्हणाल्या, “आधी किती गुणी होता. औषध जरा गरम पडतंय का गं ह्याला?” नवऱ्याने विचारलं, “डोस थोडा कमी करता येतो का? विचारून तरी बघ.” त्याच्या डोळ्यांखाली आता काळी वर्तुळं आली होती. आणि ताई? ताई कधीतरी पुन्हा यायला लागल्या. एका लग्नात मी त्यांना माझ्या पाठीमागे कुणाला तरी सांगताना ऐकलं, “मला आधीपासून शंका होतीच. मीच म्हटलं थायरॉइड बघा.” मी वळले नाही. त्यांचं हे बोलणं त्यांना स्वतःला खरं वाटायला लागलं होतं, आणि ज्याला आपलंच खरं वाटतं त्या माणसाशी भांडायचं कसं?

वर्षाचं व्हायच्या थोडं आधी त्याची बुद्धीची तपासणी होती. सगळे आले. नवऱ्याने रजा काढली, ताईंनी दवाखाना बंद ठेवला, सासूबाई खुर्चीवर हात जोडून बसल्या. एवढ्याशा मुलाची परीक्षा काय घेणार, असं मला वाटत होतं. ठेंगणं टेबल, त्यावर एक लाल ठोकळा, एक घंटी, एक कप आणि एक फडकं. तपासणारी मुलगी हसतमुख होती. डॉक्टरीणबाई बाजूला उभ्या होत्या. बाळ माझ्या पोटाला टेकून बसलं होतं, आधाराशिवाय अजून बसत नव्हतं. घंटी वाजली, त्याने मान वळवली. सासूबाईंनी श्वास सोडला. ठोकळा पुढे केला, त्याने पकडला, तोंडात घातला. “छान,” मुलगी म्हणाली. मग तिने तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत टेबलावर ठेवला आणि वर फडकं टाकलं. आता त्याने फडकं उचलायचं होतं. ह्या वयाची मुलं उचलतात. त्याने फडक्याकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे. ठोकळा जगातून गेला होता. तिने फडकं काढून दाखवलं, पुन्हा झाकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. ताई पुढे होऊन म्हणाल्या, “मुलं सगळी सारखी नसतात. आज झोप नीट झालेली नाही त्याची.” “तुम्ही बोलू नका,” मी म्हटलं. आवाज चढवून नव्हे, साधंच म्हटलं. मुलीने कागदावर काहीतरी खूण केली आणि ठोकळा पिशवीत टाकायला उचलला.

तो दिसल्याबरोबर बाळाने हात पुढे केला आणि पिशवी बंद झाल्यावर टाहो फोडला. चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, सगळ्या अंगाने रडत होतं. सासूबाई “अगं बाई, अगं बाई” करत उठल्या. नवऱ्याने खिशातून किल्ल्या काढून त्याच्यापुढे खुळखुळवल्या. मी त्याचा हात बाजूला सारला. “रडू दे.” “अगं, बाहेर लोक आहेत.” “असू देत.” मग मी तपासणाऱ्या मुलीला विचारलं, ह्याचे काही गुण आहेत का? त्याला तो हवा होता, त्याने मागितला. ती बिचारी गोंधळली, म्हणाली, “नाही हो, ह्याचे नसतात.” मी डॉक्टरीणबाईंकडे वळले. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला होता आणि तेव्हापासून दर खेपेला न विचारता परत घरी नेत होते. “पहिल्या महिन्यात कळलं असतं,” मी म्हटलं, “तर त्याने ते फडकं उचललं असतं का?”

त्यांनी एकदा आम्हां सगळ्यांकडे बघितलं, सासूबाईंकडे, नवऱ्याकडे, ताईंकडे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बहुतेक उचललं असतं.”

बाळ अजून रडत होतं, आणि त्याला गप्प करायला कुणी पुढे आलं नाही.